मोत माऊलीच्या वाटेवर, नितीन कंपनीपाशी

सासूबाई पुढं आणि मी मागं, हे पहिल्या वर्षीच ठरून गेलं. जत्रेच्या आदल्या शनिवारी जेवून दोनच्या सुमाराला कासारवडवलीहून निघायचं, रात्रभर चालायचं आणि रविवारी उजाडायच्या आत बांद्र्याला माउंट मेरीच्या पायऱ्यांशी पोचायचं. तीस-पस्तीस किलोमीटर. पंधरा-वीस जण असतो. हे माझं तिसरं वर्ष, आणि कुठला पाऊस कुठल्या वर्षीचा हे आता सांगता येत नाही. कापूरबावडीला छत्री मोडली ती पहिल्या वर्षी की दुसऱ्या? माजिवड्याच्या पुलाखाली कुणाला तरी चक्कर आली होती. बहुतेक मलाच.

मी नगरकडची, प्रॉटेस्टंट घरातली. आमच्याकडं नवस नाही, जपमाळ नाही, मरियेपुढं मेणबत्ती तर नाहीच नाही. रेव्हरंड टिळकांची भजनं पेटीवर म्हणायची आणि शास्त्र वाचायचं. रविवारच्या शाळेत वडील एक गोष्ट घोटून घ्यायचे: देव शोधून सापडत नसतो, तो आपण होऊन प्रकट होतो. सृष्टीत थोडासा, संदेष्ट्यांच्या तोंडून तुकड्या-तुकड्यानं, आणि शेवटी पुत्रात, पुरता. ते सगळं शास्त्रात लिहिलेलं आहे, वेगळं काही हुडकत फिरायची गरज नाही. असं ऐकत वाढलेली मी लग्न होऊन ठाण्यातल्या कॅथलिक घरात आले, आणि सासूबाईंनी पहिल्याच सप्टेंबरात विचारलं, “मोत माऊलीला चालत येशील ना गो?”

मोत माऊली हे माउंट मेरीला कोळ्यांनी दिलेलं नाव. एका कोळ्याला स्वप्न पडलं की समुद्रात मूर्ती आहे, आणि ती खरंच सापडली, ही गोष्ट सासूबाई दरवर्षी नव्यानं सांगतात. यंदा नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, नऊ संध्याकाळींतल्या कुठल्याशा एका संध्याकाळी फादर प्रवचनात म्हणाले की ख्रिस्तात देवानं सांगायचं ते सगळं सांगून टाकलं आहे. शेवटच्या प्रेषिताबरोबर ते प्रकटीकरण पुरं झालं. 1965 साली व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेनंही हेच पुन्हा बजावलं. लूर्द असो की फातिमा, जिथं मरियेनं दर्शन दिलं म्हणतात, ती खाजगी प्रकटीकरणं. त्यांनी मूळ ठेव्यात भर पडत नाही आणि त्यांवर विश्वास ठेवायची सक्तीही नाही. मी अंधारात सासूबाईंना कोपरानं ढोसलं. त्या माझ्याकडं न बघताच पुटपुटल्या, “योसेफाला देवानं कुठं सांगितलं? स्वप्नातच ना?”

मत्तय, अध्याय पहिला. मला उत्तर सुचलं ते दोन दिवसांनी, भाजी निवडताना. तेव्हा सांगून काय उपयोग.

तर यंदा. सासूबाई अनवाणी. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही, डॉक्टरांनी चप्पलसुद्धा मऊ घ्यायला सांगितली, आणि या अनवाणी, कारण ऑपरेशनच्या आधी नवस बोलल्या होत्या. माझा मुलगा असता तर दोन चापट्या दिल्या असत्या. मी मात्र नवे बूट घातले होते. हे मूर्खपणाचं होतं हे मला मानपाड्यालाच कळलं.

दुपारी तीनचं घोडबंदर. सकाळी पाऊस पडून गेलेला, म्हणून ऊन ओलं, चिकट. मेट्रोच्या खांबांकडेचे पत्रे, खड्ड्यांत साठलेलं पाणी, त्यातून जाणाऱ्या डंपरनं उडवलेलं तेच पाणी आमच्या अंगावर. उजव्या हाताला येऊरचे डोंगर अगदी धुऊन ठेवल्यासारखे हिरवे. आकाश देवाचा महिमा वर्णिते, असं स्तोत्रात आहे; इथं आकाशाच्या आधी टू बीएचकेची होर्डिंगं. पुढं कुणीतरी जपमाळेतली आनंदाची रहस्यं सुरू केली. पहिलं रहस्य, दूताचा निरोप. “नमो मरिया” चा सूर पुढून मागं येईपर्यंत हॉर्नमध्ये विरून जायचा, आणि मी अर्ध्यातूनच उत्तर द्यायची. मला जपमाळेचा कंटाळा येतो हे मी इथं लिहून टाकते. पन्नास वेळा तेच. पण यंदा टाचेला प्रत्येक पावलाला एक कळ बसत होती, आणि मोजायला काहीतरी असणं बरं होतं.

कापूरबावडीपर्यंत फोड आला होता. कॅडबरी नाक्यापर्यंत तो सुपारीएवढा झाला. मी कुणाला काही बोलले नाही, कारण अनवाणी बाई पुढं चालली होती. तिची पाठ, पाठीवरचा निळा पदर, भेगाळलेल्या टाचा. मोशेनं देवाला म्हटलं होतं, तुझं तेज मला दाखव. आणि देवानं त्याला खडकाच्या कपारीत उभं करून फक्त पाठ दाखवली. चेहरा पाहून कुणी जगत नाही म्हणे. लहानपणी मला हे फार अपुरं वाटायचं. तीन वर्षं मी सासूबाईंची पाठ बघत चालते आहे, आणि एवढं सांगते, पाठीवर माणसाचा राग बरोबर वाचता येतो. त्यांना ठाऊक होतं मी मागं पडतेय. त्या थांबल्या नाहीत. नंतर जपाचा आवाजही येईनासा झाला.

नितीन कंपनी नावाच्या नाक्यावर, पुलाअलीकडं एका एटीएमच्या पायरीवर मी बसले. बूट काढला तर मोजा चिकटलेला. वॉचमन आतून उठून आला. मला वाटलं, उठवणार. साठीचा माणूस, गणवेशाच्या कॉलरमधून तुळशीची माळ दिसत होती.

“कुठं निघाला माउली?”

“बांद्र्याला. मोत माऊलीला.”

“चालत? हे घालून?” बुटाकडं त्यानं असं पाहिलं की मलाच बुटाची लाज वाटली. “कुणी सांगितलं हे घालायला? वारीला जुनं पायताण पाहिजे.”

आत जाऊन तो टोपी घेऊन आला. टोपीच्या घडीत सुई, तिला काळा दोरा ओवलेला. सुई लायटरवर धरली, लाल होऊन काळी पडली, मग त्यानं ती बाहीला पुसली. (निर्जंतुक वगैरे विचार माझ्या मनात आला, आणि गेला.) माझी टाच त्यानं मांडीवर घेतली. मी ओढून घ्यायला गेले, तर म्हणाला, “राहू द्या.” फोडाच्या एका कडेनं सुई शिरली, दुसरीकडून निघाली, दुखलं नाही, नुसतं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. दोरा आत तसाच ठेवून दोन्हीकडं बोटबोटभर टोकं सोडून त्यानं तो दातानं तोडला. पाणी दोऱ्यावरून थेंबथेंब यायला लागलं. त्याच्या अंगठ्याचं नख अर्धं काळं होतं, कशाखाली तरी चेमटलेलं.

बीडकडचा होता. दरसाल आषाढीला जायचा, यंदा सुट्टी गावली नाही. मग एकदम म्हणाला, “तुमच्यात दर्शन असतं का हो?”

घरात मला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. मी उत्साहानं सुरू केलं. देवाला कुणी कधीच पाहिलेलं नाही, पण पुत्रानं त्याला प्रकट केलं, शब्द देही झाला, आमच्यात राहिला...

“म्हंजी सगुण,” तो म्हणाला.

“तसं नाही हो. अवतार पुन्हा पुन्हा होतात, हे एकदाच झालं. एकाच माणसात, एकदाच, कायमचं.”

“पाय हलवू नका.”

फडक्याची पट्टी बांधून होईपर्यंत मी गप्प बसले. इथं अम्माऊसच्या वाटेची गोष्ट आणायचा मोह मला होतोय. दोन शिष्य, बरोबर चालणारा अनोळखी, भाकरी मोडताना उघडलेले डोळे. पण यानं भाकरी मोडली नाही. तंबाखू मळली, मलाही विचारली, चहाचे पैसे देऊ केले तर चिडला आणि एका गिऱ्हाइकाला एटीएमचा दरवाजा उघडायला निघून गेला. मी बूट पिशवीत टाकले आणि अनवाणी निघाले.

तीन हात नाक्याला सासूबाई दुभाजकाला टेकून एकट्याच उभ्या होत्या. बाकीचे मुलुंडच्या चेकनाक्याकडं गेलेले. माझे पाय बघितले, काही बोलल्या नाहीत. पुढचं भांडुप, विक्रोळी, कुर्ला सगळं पिवळ्या दिव्यांचं आणि कुत्र्यांचं. घाटकोपरला गणपतीचा डीजे इतका जोरात होता की छातीत फोड आल्यासारखं झालं. बांद्रा आलं, रांग होती, दर्शन झालं.

पायऱ्यांखालच्या स्टॉलवर मेणाचा गुडघा मिळत नाही, अख्खा पाय घ्यावा लागतो. सासूबाईंनी अख्खा घेतला आणि वेदीपाशी ठेवताना स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं, “फक्त गुडघ्याचं बघ. बाकी ठीक आहे.”

टाचेतला दोरा मी काढला नाही. बुधवारी, दर आठवड्याच्या नोव्हेनाला निघताना सासूबाई अर्जाची चिठ्ठी लिहायला बसल्या. गुडघ्याचे आभार, नातवाची दहावी. पेन थांबवून म्हणाल्या, “त्या माणसाचं नाव काय गो?”

मी विचारलंच नव्हतं. त्याला शब्द देही झाला ते सांगितलं, स्वतःचं नाव सांगितलं नाही आणि त्याचं विचारलं नाही.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग चष्मा सारखा करून तिसऱ्या ओळीवर लिहिलं: नितीन कंपनीचा सुईवाला. आणि घडी घालताना पुन्हा उघडून पुढं जोडलं, याला पुढच्या वर्षी सुट्टी मिळू दे.