तुम्ही विचारलंत म्हणून : रॉकमधला मोठा गायक कसा ओळखायचा?

डिसेंबरात न चुकता सवाईला जाणारा माणूस घरी लेड झेपलिन हा रॉक बँड ऐकतो, हे कळलं की पुण्यात मला ठरलेला प्रश्न येतो. "ते नुसतं ओरडतात हो. त्यातला मोठा कोण, हे तुम्ही ठरवता कसं?" कॉलेजची मुलं वेगळं विचारतात. "काका, सगळ्यात वर कोणाचा आवाज जातो?"

उत्तर दोघांनाही एकच. तो खाली आणि हळू कसा गातो, ते मी आधी ऐकतो.

मागे ड्रम आणि दोन गिटारी दणाणत असताना वरच्या सुरात बरंच काही झाकलं जातं. सूर जरा हलला तरी जोरच लक्षात राहतो. खालच्या ओळीला असा आडोसा नाही. श्वास कुठे घेतला, शब्दाचा शेवट भरून सोडला की पोकळ, सगळं उघडं पडतं. ख्यालातही जाणकार तानेच्या आधी षड्ज कसा लागला ते बघतातच की.

क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचंच घ्या. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा, फारोख बुलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथल्याच द हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. लोक त्याला जन्मजात उंच गळ्याचा समजतात. पण ख्रिश्चन हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बोलण्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे बराच खालचा निघाला. मग तो वरचा लखलखता सूर त्याने कमावला, असंच मी मानतो. त्याच अभ्यासात एका रॉक गायकाला फ्रेडीची ती खरखर काढायला सांगून त्याच्या घशाचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. तेव्हा स्वरतंतूंच्या वरच्या घड्या, ज्या एरवी गाताना स्वस्थ असतात, त्याही कंप पावताना दिसल्या. म्हणजे ज्याला आपण ओरडणं म्हणतो, तीही गळ्याची एक नेमकी क्रिया आहे. आणि १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर फ्रेडीने सुमारे बहात्तर हजार लोकांकडून नुसत्या "एऽऽओ"वर आपले सूर म्हणून घेतले, ते एकदा डोळे मिटून ऐका. तो पुढचा सूर देण्याआधी थांबतो, लोकांना पोहोचू देतो. इतकं भान फार थोड्यांकडे असतं.

दुसरी गोष्ट, गळा स्वतःचा हवा. फेब्रुवारी १९८० मध्ये एसी-डीसी या बँडचा गायक बॉन स्कॉट वारला आणि त्याच्या जागी ब्रायन जॉन्सन आला. त्याने बॉनचा खट्याळ, बोलल्यासारखा बाज उचलला नाही, आपलाच घट्ट, कर्कश आवाज लावला, म्हणून तो टिकला. नक्कल करणारा कितीही वर गेला तरी मला दहा मिनिटांत कंटाळा येतो.

झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट, त्याच्यावर माझं प्रेम आहे ते त्याच्या उत्तरार्धासाठी. १९६९ मध्ये, विशीत, झेपलिनच्या पहिल्या अल्बमवर तो ज्या किंकाळ्या मारतो त्यांवर पुढच्या पिढ्या पोसल्या. तोच प्लांट २००७ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, अ‍ॅलिसन क्रॉस या गायिकेबरोबर 'रेझिंग सँड' या अल्बमवर असा गायला की कित्येक ओळी जवळजवळ कानात सांगितल्यासारख्या वाटतात. त्या अल्बमला २००९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. किंकाळी वयाबरोबर उतरते. ओळ कुठे दाबायची आणि कुठे सोडून द्यायची, ही समज उरते, वाढतेही. मुलांना मी आधी हाच अल्बम ऐकवतो, झेपलिन नंतर.

एकच नाव सांगा म्हणाल, तर ख्रिस कॉर्नेल. वरच्या सुरांची त्याच्याकडे वाण नव्हती, साउंडगार्डन या त्याच्या बँडमध्ये ते भरपूर सापडतील. पण २०११ मध्ये आलेलं त्याचं एकट्याच्या मैफलींचं ध्वनिमुद्रण, 'साँगबुक', मिळवा. बँड नाही, हातात अकूस्टिक गिटार. तिथे तो वर जातो ते ओळ मागते म्हणून, आणि खाली येतो तेव्हा सूर तितकाच भरलेला असतो. माझ्या यादीत तो पहिला आहे, तो या मुद्रणामुळे.