गोधडी शिवताय की होडी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

कोपरापर्यंत इपॉक्सी, म्हणजे होडी चिकटवायचा गोंद, लागलंय, रॉकेलने पण निघत नाही, आई म्हणते जेवणाच्या ताटाला हात लावू नको. पण आज होडीला होडीचा आकार आला एकदाचा! कालपर्यंत मालवणच्या आमच्या पडवीत नुसत्या प्लायच्या चार लांबलचक पट्ट्या पडलेल्या, येणारा जाणारा विचारायचा कपाट करताय काय.

होडी ११ फुटी आणि प्लायची शीट ८ फुटी, म्हणजे जोड आलाच. ६ एमएमच्या मरीन प्लायच्या कडेला जाडीच्या आठपट लांब उतार काढायचा, म्हणजे जवळपास ५ सेंटीमीटर, दोन्ही तुकड्यांना, आणि मग ते एकावर एक चिकटवायचे. यातच दोन रविवार गेले. माझ्या जोडीला बाबू आहे, तो रंधा मारतो तो एकदम सुताराच्या पोरासारखा, मी मारला की प्लायला लाटा येतात.

आज टाके. कडांना भोकं पाडायची, तांब्याची तार ओवायची आणि पिळायची, मग आतून इपॉक्सीत बारीक भुसा कालवून सांधा भरायचा. एकट्याचं काम नाहीच हे, एकाने खाली आडवं पडून तार वर सारायची, दुसऱ्याने वरून पक्कडीने ओढायची, आणि दोघांनी एकमेकांना शिव्या घालायच्या. दुपारी बाबूने घाई करून मगभर इपॉक्सी एकदम कालवलं, मे महिन्यातली दुपार, पाच मिनिटांत मग तापून धूर यायला लागला, तो उचलून अंगणात फेकला तर आत दगड झालेला. आता थोडं थोडं कालवतो आणि लगेच पसरट ट्रेत ओततो, ढीग राहिला की ते स्वतःच्याच उष्णतेने पेटतं.

तेवढ्यात शेजारचे आजोबा गडग्यावरून बघत होते. म्हणाले, "काय रे, गोधडी शिवतास काय?" बाबू म्हणाला आजोबा ही नवीन पद्धत आहे, परदेशातली, नेटवर बघितली. आजोबा हसले. "आमची रापणीची होडी पण शिवलेलीच होती रे, काथ्यान."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, पण त्याची होडी शिवलेली असायची हे मला माहीतच नव्हतं, आणि मी इथलाच! फळ्यांना भोकं पाडून काथ्याच्या सुंभाने शिवायचे, खिळा नाही, म्हणजे खाऱ्या पाण्यात गंजायला काही नाही, आणि लाटेवर होडी वाळूवर आपटली तरी शिवण थोडी लवचिक असल्याने फळी फुटत नाही. फरक एवढाच की आमचे टाके नंतर काढून टाकायचे, गोंदच सगळं धरतो, त्यांचे शेवटपर्यंत राहायचे. बाबू बराच वेळ गप्प होता, त्याचा पणजोबा रापणीवर जायचा.

पावसाच्या आत निदान बाहेरून फायबरग्लासच्या कापडाचा एक थर तरी चढला पाहिजे, दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते, धुवून घासल्याशिवाय पुढचा थर बसत नाही.

आजोबा उद्या सुंभ घेऊन येतायत, गाठ दाखवायला. बाबूला बसायची फळी तरी काथ्याने बांधायची आहे, मी म्हटलं बांध, पण पाण्याच्या वर.