पणजोबांनी साहेबाला नेमका कोणता शब्द कळवला होता?

नाशकात तिवंध्याजवळचा आमचा वाडा पाडायला घेतला तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. जुनी पंचांगं, काडी तुटलेला चष्मा आणि सुतळीने बांधलेले कागदांचे चार गठ्ठे, एवढंच होतं त्यात. बिल्डरने पंधरा दिवसात जागा मोकळी करून मागितलेली, चुलत भाऊ म्हणाला रद्दीत टाक सरळ, पण मी सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढलेली, सहीशिक्का असलेला कागद माझ्याच्याने टाकवत नाही. रिक्षात घालून पेटी घरी आणली. बायको म्हणाली आधी झुरळं बघा.

पणजोबा शाळामास्तर होते, थोडं संस्कृत येत होतं आणि रविवारी चार पोरं घेऊन गावाजवळच्या पांडवलेण्यावर, म्हणजे जुन्या बौद्ध लेण्यांवर, जायचे एवढं आत्याकडून ऐकलेलं. तिथे काय करायचे ते गठ्ठे सोडल्यावर समजलं. शिलालेखांचे ठसे घ्यायचे. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने ठोकून अक्षराच्या खाचेत बसवायचा, वाळत आला की वरून काजळीची शाई कापडी पुडीने टिपायची, म्हणजे दगड काळा येतो आणि अक्षरं पांढरी राहतात. असे ठसे ते मुंबईला पाठवायचे आणि मुंबईहून त्यांना पोस्टकार्डं यायची.

त्यातलं एक कार्ड मला काही केल्या सोडेना. वर इंग्रजीत छापलेलं, बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी, टाऊन हॉल. खाली हाताने लिहिलेल्या चार ओळी: ठसे मिळाले, आभार, आपण कळवलेल्या शब्दाची नोंद घेतली आहे, परंतु तो अर्थ आधीच छापून आलेला आहे. सहीच्या जागी दोन इनिशियल आणि एक फरकाटा. तारीख नाही, नुसता शनिवार.

कोणता शब्द? काहीच नाही. म्हणजे फोनवर समोरच्याचं 'हो हो, बरोबर, पण ते झालंय आधीच' एवढंच ऐकू यावं तसं. माझी पुढची दोन वर्षं यात गेली, आणि कुणाच्या घरात असे कागद असतील तर माझ्या चुका तरी उपयोगी पडतील म्हणून लिहितोय.

पहिली चूक पहिल्याच संध्याकाळी. बँकेत व्हाउचर लावतात तसे मी सगळे गठ्ठे सोडून कागद पाठवणाऱ्याप्रमाणे वेगळे लावले, छान वाटलं, आणि गंजलेल्या टाचण्या काढून दोन फाटक्या कार्डांना सेलोटेप लावला. नंतर ज्या सरांकडे मोडी लिपी शिकलो त्यांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. म्हणे गठ्ठा जसा बांधलाय तसाच ठेवायचा असतो हो, बिनतारखेच्या कार्डाचे शेजारी कोण आहेत त्यावरून त्याची तारीख लागते. नशीब एवढंच की सुतळी सोडण्याआधी मी फॅमिली ग्रुपवर टाकायला तिसऱ्या गठ्ठ्याचा फोटो काढला होता (त्यावर चौदा जणांनी अंगठा दिला, वाचला कुणीच नाही). त्या फोटोत कडा दिसत होत्या, त्यावरून क्रम परत लावला. लॅमिनेशन करायला निघालो होतो तेही सरांनी थांबवलं, एकदा प्लास्टिक चिकटलं की निघत नाही.

मग तारीख. कार्डावर तोंड सातव्या एडवर्डचं, म्हणजे १९०२ च्या आधीचं नाही. किंमत पाव आणा. पोस्टकार्ड १९२२ मध्ये अर्ध्या आण्यावर गेलं, म्हणजे त्याच्या नंतरचंही नाही. पोस्टाचा शिक्का अर्धा फिसकटलेला. एवढ्यावर अडलो.

खरी तारीख निघाली मोडीतून. पणजोबांची एक वही होती, जावक वही म्हणा, कुणाला काय लिहिलं त्याची एकेका ओळीत नोंद. पण सगळं मोडीत, आणि मला मोडीचं ओ की ठो येत नव्हतं. दहा दिवसांचा वर्ग केला, मग सरांकडे दर गुरुवारी. आधी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि हात न उचलता खाली लिहीत जायचं, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही, शब्द सुटे नाहीत, त्यामुळे ओळ कुठे तोडायची हेच समजत नाही. तीन महिन्यांनी ती नोंद माझी मला लागली: 'पौष वद्य ४ शके १८३०, साहेबास लेण्यातील शब्दाविषयी लिहिले, ठसे २.' शकात ७८ मिळवून मी घाईत १९०८ लिहून मोकळा झालो. सर म्हणाले पौष जानेवारीत, ७९ मिळवा. जानेवारी १९०९.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशकात विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे, देशपांडे फाशी गेले. मधल्या काळात गावात झडत्या चालल्या होत्या आणि आत्या सांगते की आमच्या घरातही खूप कागद चुलीत गेले, साहेबलोकांची पत्रं असोत नाहीतर देशभक्तांची, नकोच म्हणून. खरं असावं, कारण वहीत १९१० ची पानंच नाहीत. आणि जॅक्सन स्वतः संस्कृत जाणणारा, याच विषयांवर लिहिणारा माणूस, शिलालेखांचे जुने अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांचं गुजरातच्या इतिहासाचं अर्धवट राहिलेलं काम त्याने पुरं केलेलं. पणजोबा त्याला भेटले होते का हे मी आत्याला तीनदा विचारलं. ती म्हणाली, बाबा रे, मला काय माहीत, मी तेव्हा जन्मले तरी होते का.

आता शब्द. वहीत शब्द नाही, कार्डात शब्द नाही. म्हणजे पणजोबांनी पाठवलेलं पत्रच हवं, आणि ते ज्याला गेलं त्याच्याकडे असणार. ऐकायला सोपं वाटतं पण मी आठ महिने आमच्याच नातेवाइकांच्या घरात पणजोबांची पत्रं शोधत होतो! पुण्याच्या मावशीपासून सिन्नरच्या काकांपर्यंत सगळ्यांचे माळे उपसले. आपल्या माणसाने लिहिलेली पत्रं आपल्या घरात कशाला असतील, ती लोकांच्या घरात.

म्हणून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई, फोर्टात टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या. १८०४ साली लिटररी सोसायटी म्हणून सुरू झालेली संस्था, पुढे लंडनच्या रॉयल एशियाटिकची मुंबई शाखा झाली, आताची एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई. जर्नलचे जुने खंड आता स्कॅन होऊन ऑनलाइनही मिळतात हे मला नंतर समजलं, पण कागदावर बघण्याची मजा वेगळी. आमची लेणी त्यात पानोपानी. वेस्ट बंधूंनी १८६० च्या सुमाराला केलेल्या नकला, १९०६ मध्ये जोगलटेंभीला सापडलेला क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. रा. गो. भांडारकरांनी लेण्यातल्या याच शिलालेखांवर लंडनच्या १८७४ च्या परिषदेसाठी लिहिलेलं, सेनार या फ्रेंच विद्वानाचं वाचन एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या मालिकेच्या आठव्या खंडात. दिवसभर वाचत बसलो, डबा खायचा राहिला. पणजोबांचं नाव मात्र कुठे नाही.

एक काम झालं. त्या काळच्या सभासदांच्या छापील यादीत ते दोन इनिशियल जुळले. साहेब सरकारी नोकरीतला, सोसायटीचं काम हौसेने बघणारा. (नाव देत नाही, का ते पुढे सांगतो.) आणि तेव्हा डोक्यात आलं की लेटरहेड संस्थेचं असलं तरी पत्र त्याला वैयक्तिक गेलेलं. असे साहेब पेन्शनीवर निघाले की आपले कागद पेटाऱ्यात भरून विलायतेला घेऊन जायचे आणि ते मेल्यावर बायकामुलं ते कुठल्यातरी ग्रंथालयाला देऊन टाकायची.

साहेबाचे कागद परदेशातल्या एका संग्रहात आहेत हे कॅटलॉगवरून दिसलं. आमच्या आडनावाची इंग्रजीत सात स्पेलिंग होतात, सातही टाकून पाहिली, शून्य. मोठ्या माणसांची पत्रं नावानिशी लावलेली, बाकीचे सगळे 'इतर' मध्ये. वैतागून शेवटी नावाऐवजी गाव टाकलं, नासिक, मग नासिकचीच जुनी चित्रविचित्र स्पेलिंग. एका स्पेलिंगला एक ओळ आली: देशी भाषेतली पत्रं, लेखक अज्ञात, तीन. आमचे पणजोबा अज्ञात. त्यांना इंग्रजी येत नव्हतं ना. भगवानलाल इंद्रजीसुद्धा गुजरातीत लिहायचे आणि ब्यूलर हे जर्मन संस्कृत पंडित त्यांचं इंग्रजी करायचे, पण तिथे ब्यूलर होते, इथे कोण असणार.

मेल केला. पाच आठवडे काही नाही, मग एक फॉर्म आला. स्कॅन अभ्यासासाठी देऊ, पण छापायचं असेल तर पत्रलेखकाच्या वारसांची लेखी परवानगी लागेल, कारण पत्राचा कागद ज्याला पाठवला त्याचा पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि असं जुनं अप्रकाशित लिखाण त्यांच्या कायद्याप्रमाणे २०३९ संपेपर्यंत हक्कात असतं. मी लिहिलं, अहो वारस मीच. त्यावर उत्तर, मग आपण ते सिद्ध करावं, आणि इतर वारस असल्यास त्यांचीही संमती जोडावी. इतर वारस एकोणीस! वाड्याच्या सह्यांसाठी जे एकत्र आले नाहीत ते पोस्टकार्डासाठी कसे येणार. तेव्हा छापण्याचा नाद सोडला, अभ्यासावर टिक केली. साहेबाचं नाव आणि पत्राचा फोटो इथे नाही तो यामुळे.

स्कॅन एका रात्री साडेअकराला आला. तीन पत्रं, बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, हात मात्र वहीतलाच. दुसऱ्यात तो शब्द होता.

दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे नहपानाच्या जावयाचा लेख आहे. त्याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३,००० कार्षापणं (त्या काळची नाणी) ठेवली, मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० वर व्याज 'पडिकशत', म्हणजे महिन्याला शेकडा एक, आणि १,००० वर 'पायूनपडिकशत'. पणजोबांनी लिहिलं होतं की साहेब, हे पायून म्हणजे आमचं पाऊण, नाशकातला कुठलाही वाणी आजही असंच बोलतो, आपण कुणाही सावकाराला विचारावं.

मी कागद-पेन्सिल घेतली. २,००० वर महिना एक टक्का, २० रुपये धरा, वर्षाचे २४०. लेखात वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ देण्याचं आहे. वीस बारे २४०. तंतोतंत. १,००० वर पाऊण टक्का, वर्षाचे ९०. एकतीस वर्षं एफडीचं व्याज काढलंय, इतकं स्वच्छ खातं क्वचित बघितलं.

पाऊणचा अर्थ विद्वानांनी आधीच लावलेला होता, साहेब खोटं बोलला नव्हता. फक्त ते पुस्तक मास्तराच्या हाती कुठून येणार. तिसऱ्या पत्रात तेच आहे: 'छापून आले असल्यास तो अंक वाचावयास मिळेल काय, पोष्टाने परत करीन.' त्या पत्राची नोंद वहीत आहे, फाल्गुन महिन्याची. उत्तराचं कार्ड पेटीत नाही.

परवा आत्याला रिक्षाने पांडवलेण्याच्या पायथ्यापर्यंत नेलं. तिला चढवत नाही, ती खालीच बसली, मी वर जाऊन व्हरांड्यातल्या त्या लेखाचा फोटो काढून आणून दाखवला. म्हणाली, यात पाऊण कुठे लिहिलंय दाखव. मला ब्राह्मी, म्हणजे लेखाची ती जुनी लिपी, येत नाही. पुढच्या गुरुवारी सरांना विचारणार आहे.