घरासमोर गाडी लावायची परवानगी: माझा सव्वा वर्षाचा अनुभव

फुटपाथच्या कडेचे पाच दगड खाली बसवायला मला सव्वा वर्ष लागलं. मधले तीन सपाट आणि दोन टोकांचे उतरते. इंग्लंडमध्ये याला ड्रॉप्ड कर्ब म्हणतात. तो नसेल तर फुटपाथवरून गाडी आत घेता येत नाही, मग आतली जागा तुमच्या मालकीची का असेना. आपली बरीच मंडळी इथे जुन्या वस्त्यांमधली घरं घेतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर १८९० च्या दशकातलं, लाल विटांचं जोडघर. दिवाणखान्याची खिडकी पुढे आलेली, तिच्यापुढे पाचेक मीटर बाग, कमरेपर्यंतही न येणारी विटांची भिंत आणि कोपऱ्यात हॉलीचं एक झाड. २०१९ साली घर घेतलं तेव्हा बागेकडे आम्ही फारसं लक्ष दिलं नव्हतं. २०२२ च्या अखेरीस जुनी रेनो झोई घेतली, विजेवरची, आणि सगळं लक्ष तिकडेच गेलं. घरच्या विजेवर व्हॅट पाच टक्के, बाहेरच्या चार्जरवर वीस. शिवाय रात्रीचा स्वस्त दर घरीच मिळणार. पण गाडी उभी रस्त्यावर, प्लग घरात आणि मध्ये फुटपाथ. दोन-तीनदा वायर टाकून वर रबरी पट्टी अंथरली. एकदा कुणीतरी बाबागाडी घेऊन जाताना अडखळलं. बायको म्हणाली, "हे पुन्हा करायचं नाही." आणि तिचं बरोबर होतं.

समोरच्या रांगेतल्या तीन घरांनी बाग काढून फरशी घातलेली होती. आपणही तेच करू, त्यात काय? एका कंत्राटदाराला बोलावलं. तो म्हणाला, चार दिवसांचं काम आहे, परवानगीबिरवानगीच्या भानगडीत पडू नका, लाँग वीकेंडला भिंत पाडून टाकतो. मला मोह झाला, हे कबूल करतो. साताऱ्याहून बाबांचाही फोनवर तोच सूर: "अरे, आपल्या अंगणात आपली गाडी. परवानगी कसली?"

सुदैवाने भिंतीला हात लावण्याआधी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, वेबसाइटवरचा नकाशा उघडला. कॉन्झर्व्हेशन एरियाची हद्द आमच्या रस्त्याच्या मधोमध जात होती. समोरची रांग बाहेर, आमची आत. ही कल्पना इथे १९६७ च्या कायद्याने आली, पहिला एरिया लिंकनशरमधलं स्टॅमफर्ड. आता इंग्लंडभर असे सुमारे दहा हजार आहेत. लिस्टेड बिल्डिंगमध्ये ती एक वास्तू जपायची असते. इथे जपायचं असतं ते सगळ्या वस्तीचं रूप: भिंती, कुंपणं, झाडं आणि दोन घरांमधल्या मोकळ्या जागासुद्धा.

नुसत्या कॉन्झर्व्हेशन एरियात रस्त्यालगतची एक मीटरपेक्षा कमी उंचीची भिंत एरवी परवानगीविना पाडता येते. आमची पंचाऐंशी सेंटिमीटरच होती. पण नकाशावर आणखी एक तिरप्या रेघांचा थर होता: आर्टिकल फोर. हा आदेश काढून कौन्सिल एरवी आपसूक मिळणाऱ्या सवलती काढून घेऊ शकतं. आमच्या रांगेत पुढची भिंत पाडणं आणि बागेत फरशी घालणं, दोन्हींसाठी अर्ज आवश्यक होता. घर घेताना वकिलाने दिलेल्या कागदांत हा शब्द होता, मी तेव्हा वाचलाच नव्हता. तुमच्याकडे ते कागद असतील तर आज काढून बघा.

मग कळलं की परवानगी एक नाही. भिंत आणि फरशी प्लॅनिंग खात्याकडे. फुटपाथ आणि कर्ब हायवेज म्हणजे रस्ते खात्याकडे, १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टचं कलम १८४. झाड तिसऱ्याकडे. ही तीन माणसं एकाच इमारतीत बसतात, पण एकाने हो म्हटलं म्हणून दुसरा हो म्हणत नाही. प्लॅनिंगच्या मंजुरीपत्रात तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं, आपणच ते शेवटचं पान वाचत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये पहिला अर्ज केला. फी तेव्हा २०६ पौंड, शिवाय ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलचं वेगळं शुल्क. नकाशे मीच काढले आणि त्यात अगदी हावरटपणा केला: सगळी भिंत गायब, सगळ्या बागेत काँक्रीटच्या विटा, हॉली तोडलेली. 'हेरिटेज स्टेटमेंट' नावाच्या कागदात मी लिहिलं की समोरच्या घरांनी असंच केलं आहे. सहा आठवड्यांनी प्लॅनिंग ऑफिसरची ईमेल आली. मजकूर सभ्य, अर्थ एकच: हे मंजूर होणार नाही, हवं तर मागे घ्या. समोरची घरं हद्दीबाहेर आहेत, आणि आमच्या रांगेतल्या शेवटच्या घराने भिंत पाडली ती आर्टिकल फोर येण्याआधी. ते उदाहरण नाही, ते नुकसान आहे, असं त्यांचं म्हणणं.

मागे घेतला. नकार रेकॉर्डवर येण्यापेक्षा ते बरं. शिवाय त्या वेळी बारा महिन्यांच्या आत त्याच जागेसाठी दुसरा अर्ज एकदा फुकट करता येत असे. डिसेंबर २०२३ पासून ती सवलत गेली, त्यामुळे आता पहिल्याच अर्जात शहाणपणा दाखवावा लागतो.

जुलैमध्ये पैसे भरून कॉन्झर्व्हेशन ऑफिसरची भेट घेतली. त्या बाई आल्या आणि आधी गाडीबद्दल अवाक्षर न बोलता भिंतीवर वाकल्या. वरच्या दगडी पट्टीत दर वीतभर अंतरावर लोखंडाचे काळे ठिपके होते. चार वर्षं मी त्यांना गंजाचे डाग समजत होतो. ते कापलेल्या लोखंडी कुंपणाचे बुंधे होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० नंतर, गावोगावची अशी कुंपणं युद्धासाठी लोखंड हवं म्हणून सरकारने कापून नेली. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, त्यांच्या आईला करवतीचा आवाज शेवटपर्यंत आठवत होता. त्या दिवसापासून सगळी भिंत पाडायचा विचार माझ्या डोक्यातून गेला. कायद्याने जे जमलं नव्हतं ते आठ-दहा ठिपक्यांनी केलं.

तोडगा असा निघाला. भिंतीचा फक्त पावणेतीन मीटरचा तुकडा काढायचा, जुन्या फाटकाच्या बाजूचा. निघालेल्या विटा साफ करून त्यातूनच नवा खांब बांधायचा. उरलेल्या भिंतीमागे कुंपणाची झाडं लावायची. आत सगळीकडे फरशी नाही, चाकांपुरत्या दोनच पट्ट्या, पाणी झिरपू देणाऱ्या भाजक्या विटांच्या, आणि मध्ये माती.

पाण्याचा मुद्दा कॉन्झर्व्हेशन एरियापुरता नाही, हेही सांगून ठेवतो. २००७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मोठे पूर आले, बऱ्याच ठिकाणी नदीचं नव्हे तर गटारं तुंबून. त्यानंतर ऑक्टोबर २००८ पासून नियम आला: घर आणि रस्ता यांच्यामध्ये पाच चौरस मीटरपेक्षा जास्त पक्की, पाणी न जिरणारी फरशी घालायची आणि पाणी रस्त्यावर सोडायचं, तर परवानगी लागते. समोरच्या घरांनाही हा नियम लागू आहेच.

खरी गंमत गेटवरून झाली. कॉन्झर्व्हेशनच्या बाईंना गेट हवंच होतं, नाहीतर रांगेला दात पडल्यासारखं दिसेल. हायवेजच्या इंजिनिअरला गेट फुटपाथवर उघडलेलं चालणार नव्हतं, आणि तेही कायद्यानेच. आत उघडावं तर गेटच्या झोक्याला जागा लागते. त्यांच्या नियमानुसार फुटपाथच्या आतल्या कडेपासून घरापर्यंत किमान ४.८ मीटर हवं. घरापर्यंत म्हणजे दारापर्यंत नाही, पुढे आलेल्या खिडकीपर्यंत. मी मोजताना दाराशी टेप धरून खूश झालो होतो. खिडकीपासून मोजलं तेव्हा ४.९ भरलं. दहा सेंटिमीटरवर आमचा सगळा प्रकल्प उभा होता. तुम्ही मोजाल तेव्हा खिडकीपासूनच मोजा आणि मोजणी झाल्याशिवाय कुणालाही एक पैसा देऊ नका. महिनाभर दोघांच्या ईमेल मीच इकडून तिकडे पाठवत राहिलो, लग्नातल्या मध्यस्थासारखा. शेवटी घडीचं लाकडी गेट ठरलं: प्रत्येक कवाडाचे दोन भाग, आतल्या बाजूला दुमडणारे. झोई चार मीटरच्या किंचित वर आहे म्हणून ते बसलं. मोठी गाडी घ्यायचं स्वप्न त्याच दिवशी संपलं.

सप्टेंबरमध्ये दुसरा अर्ज. खांबाला पिवळी नोटीस लागली, हरकतींसाठी एकवीस दिवस. एक हरकत आली, निनावी नव्हती, रस्त्यापलीकडच्याच घरातून: आमच्या कर्बमुळे रस्त्यावरची एक जागा कमी होईल. मुद्दा खरा आहे. रस्त्यावर कुणालाही मिळणारी एक जागा जाते आणि आत फक्त आम्हाला मिळणारी एक येते. माझ्याकडे त्याला चांगलं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. हरकत घेणाऱ्यांकडे मात्र स्वतःची फरशी घातलेली बाग होती, हे मी बायकोला तीनदा ऐकवलं.

नोव्हेंबरमध्ये मंजुरी आली, अटींसह. विटांचा आणि चुन्याच्या मॉर्टरचा नमुना आधी दाखवायचा, मगच बांधकाम. त्या अटी पूर्ण झाल्याचं मान्य करून घ्यायलाही वेगळा अर्ज, वेगळी फी: तेव्हा ४३ पौंड. मी वीट फुटपाथवर ठेवून फोटो काढत होतो तेव्हा पोस्टमनने विचारलं, विकायची आहे का.

हॉली वाचली होती, पण खालच्या फांद्या छाटायच्या होत्या. कॉन्झर्व्हेशन एरियात दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर छाटणीसाठीही सहा आठवडे आधी नोटीस द्यावी लागते. फी नाही. सहा आठवड्यांत कौन्सिलने झाडाला संरक्षणाचा आदेश काढला नाही, तर काम करता येतं. आम्हाला उत्तरच आलं नाही. मौनं संमतिलक्षणम्, हे इथे चक्क नियमात आहे.

हायवेजचं काम त्या मानाने सरळ झालं, फक्त महाग. फुटपाथचं काम आपल्या कंत्राटदाराकडून करून घेता येत नाही, कौन्सिलने मान्य केलेल्याच माणसाकडून करावं लागतं. आमच्या नेमक्या जागी टेलिफोनच्या चेंबरचं झाकण निघालं. ते गाडीचं वजन पेलणारं बसवायचा खर्च वेगळा. फुटपाथवर असं काही झाकण, दिव्याचा खांब किंवा झाड आहे का, हे अर्जाआधी स्वतः उभं राहून बघा.

आतल्या पट्ट्या घालताना एकदा भांडावं लागलं. कामगारांनी सवयीने खाली बारीक चुरा असलेली खडी दाबायला घेतली आणि फटींत भरायला बारीक वाळूची पोती आणली. तसं केलं तर पाणी झिरपणाऱ्या विटांचे पैसे पाण्यातच. खाली चुरा नसलेली खडी आणि फटींत दोन ते सहा मिलिमीटरची कच हवी. मी कागद दाखवला, मुकादम म्हणाला, वीस वर्षं असंच करतोय. शेवटी त्याने पोती परत नेली. त्यानंतर मी तीन दिवस घरूनच काम केलं, खिडकीत बसून.

पट्ट्यांच्या मध्ये थाइम लावलं आहे. चाकाखाली फांदी चुरडली की ओव्यासारखा वास येतो. आई म्हणाली, त्यापेक्षा मेथी पेरायचीस.

मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात गाडी आत आली. रात्री साडेबाराला स्वस्त दर सुरू झाला आणि चार्जरचा हिरवा दिवा लागला तेव्हा मी पायजम्यावर बाहेर उभा होतो. सकाळी बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं: खांब, गेट, ठिपके, थाइम. त्यांनी समोरच्या घरांकडे कॅमेरा फिरवायला लावला.

"मग ह्यांनी का नाही काढली परवानगी?"

"ते रेषेच्या बाहेर आहेत, बाबा."

"कुठंय रेष?"

"रस्त्याच्या मधोमध." मी फोन खाली रस्त्यावर धरला.

बाबांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. "दिसत नाही रे काही."