टीममध्ये पोहायचं की एकटीनेच?

दीड वर्ष मी एकटीच प्रॅक्टिस करायचे आणि एकटीच मास्टर्सच्या, म्हणजे मोठ्या माणसांच्या पोहण्याच्या स्पर्धांना जायचे. फॉर्म मीच भरायचा, हीट (आपण ज्या तुकडीत पोहणार ती) कितवी ते मीच बघायचं, पोहून झालं की टॉवेल गुंडाळून सरळ घरी. आणि मला ते आवडायचं हो, दिवसभर माणसांशी बोलून डोकं पिकलेलं असतं, पाण्यात तरी कुणी बोलू नये असं वाटायचं. (मास्टर्स हे नाव ऐकून घाबरू नका, 25 पूर्ण झालेलं कुणीही चालतं, दर 5 वर्षांचा एक वयोगट असतो. वय मात्र त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला धरतात, म्हणजे डिसेंबरात जन्मलेले जानेवारीतच एका वर्षाने मोठे!)

मग एका स्पर्धेत 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकला डिस्क्वालिफाय झाले. टर्नला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत, माझा एकच लागला. घाईत चुकलं असतं तर सोडून दिलं असतं, पण घरी आल्यावर लक्षात आलं की मी दीड वर्ष रोज असाच टर्न मारत होते आणि सांगणारं कुणी नव्हतंच.

म्हणून टीम जॉइन केली. पहिल्याच आठवड्यात माझं पितळ उघडं पडलं, ते इंटरव्हलमुळे. 10 वेळा 100 मीटर असा सेट, दर सव्वादोन मिनिटांनी निघायचं. 2 मिनिटांत आलात तर 15 सेकंद श्वास घ्या, 2:10 ला आलात तर फक्त 5, घड्याळ कुणासाठी थांबत नाही. एकटी असताना मी गॉगल पुसत, पाणी पीत मस्त मिनिटभर थांबायचे आणि वर म्हणायचे, आज 1 किलोमीटर झालं!

पण टीमनेही मला एक थाप मारलीच. लेनमध्ये 5-5 सेकंदांच्या अंतराने निघतात, मी मात्र हळूहळू पुढच्याच्या पायांपर्यंत जाऊन चिकटायचे, तिथे पाणी आधीच कापलेलं असतं, ओढल्यासारखं जाता येतं. वाटलं काय फास्ट झालोय आपण. स्पर्धेत स्वतःची लेन, पुढे कुणीच नाही, आणि टाइम मनात धरलेल्यापेक्षा 4 सेकंद जास्त! तेव्हापासून सेटमध्ये मुद्दाम पुढे निघते, मागचे वैतागले तरी.

आणखी एक, टीमची वेळ म्हणजे वेळ, झोप झाली असो नसो. शिवाय कोचला फ्रीस्टाइलचं भारी वेड, माझा ब्रेस्टस्ट्रोक कुणाला नकोच असतो, त्यामुळे आठवड्यातला एक दिवस अजूनही एकटी पोहते आणि तो दिवस मी कुणाला देत नाही.

तरीही टीम सोडणार नाही, कारण रिले. एकट्याला ती मिळतच नाही, चौघं एकाच क्लबचे लागतात. त्यात मजा म्हणजे गट चौघांच्या वयाच्या बेरजेवर ठरतो, आमचे 31, 38, 44 आणि 52, एकूण 165, म्हणजे 160 ते 199 चा गट. 52 वाले आमचे बॅकस्ट्रोकवाले काका म्हणतात, मी आहे म्हणून तुम्ही या गटात आहात, नाहीतर पोरांबरोबर पोहावं लागलं असतं. मेडलेत, म्हणजे चौघांनी चार वेगळे स्ट्रोक पोहायच्या रिलेत, त्यांच्यानंतर माझा ब्रेस्टस्ट्रोक. त्यांचा हात भिंतीला लागेपर्यंत ब्लॉकवर (उडी मारायच्या ओट्यावर) वाकून उभं राहायचं, आणि मागे उभे असलेले दोघं ओरडत असतात, "दोन्ही हात! दोन्ही हात!"