नारळी पौर्णिमा, मालवण बंदर

दुपारीच निघालो तरी गाडी पार लांब लावायला लागली आणि तिथून चालत बंदर, वर पाऊस येऊन जाऊन, छत्री उघडा-मिटा एवढंच काम. वाजतगाजत आलेला मानाचा नारळ समुद्रात सोडला आणि मग आपली खरी मजा सुरू, नारळ लढवणे! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हातातला नारळ समोरच्याच्या नारळावर आपटायचा, ज्याचा फुटला तो आउट. मी पहिल्याच फटक्यात आउट 😄 आणि शेजारच्या काकी सलग चार फोडून शांतपणे पदर खोचून उभ्या. म्हणाल्या, नारळ बघून घ्यायचो असता रे, शेंडीकडचो भाग बघ आधी. आता सांगतायत!

समोर सिंधुदुर्ग किल्ला पावसात नुसता धूसर, पावसाळ्यात होड्या बंद म्हणून लांबूनच नमस्कार.

घरी आलो तर काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या आणि गुळातला नारळीभात, लवंगेचा वास दारापर्यंत. श्रावण चालू म्हणून मासे नाहीत, बाबा मात्र दोनदा विचारून झाले, श्रावण संपाक किती दिवस रवले? फुटलेला नारळ आईने खवून भातातच घातला.