ओहायोचं अक्रोड, दोंग्वानचं टेबल आणि १७० टक्के ड्युटी

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच बंदराजवळ एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात काम करते. चीनहून, व्हिएतनामहून कंटेनर आला की आत काय माल आहे, तो कुठल्या कोडखाली बसतो, ड्युटी किती लागते हे सिस्टिममध्ये भरून तो सोडवायचा. एरवी या कामाबद्दल कुणी विचारत नाही, पण २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्याहून आईसुद्धा फोन करून विचारायला लागली की नक्की चाललंय काय तिकडे.

चाललं होतं ते असं. २ एप्रिलला अमेरिकेने चीनच्या मालावर ३४ टक्के ड्युटी जाहीर केली, चीनने उलट ३४ लावले, मग इकडून ३४ चे ८४, आणि ९ तारखेला सकाळी आम्ही त्या ८४ च्या एन्ट्र्या तपासत बसलेलो असतानाच बातमी आली की आता १२५. त्यात आधीचे फेंटानिलच्या (एका अमली पदार्थाच्या) नावाने चीनवर लावलेले २० धरून १४५. आणि फर्निचरसारख्या मालावर २०१८ पासूनच्या भांडणातले २५ अजून तसेच आहेत, ते धरले की १७०.

पण मला सांगायचंय ते २९ एप्रिलच्या मंगळवारबद्दल.

रिव्हरसाइडकडे फर्निचरचं दुकान चालवणारं एक नवराबायकोचं जोडपं आमचं जुनं गिऱ्हाईक आहे. त्यांचे दोन कंटेनर होते, दोन्हींत तीच डायनिंग टेबलं, तोच चीनमधल्या दोंग्वानचा कारखाना, प्रत्येकाची किंमत ८०,००० डॉलर. पहिला चीनच्या यान्तियन बंदरात २ एप्रिलला जहाजावर चढला होता, म्हणजे नवीन ड्युटी लागू व्हायच्या आधी, त्यामुळे तो सुटला, ४५ टक्क्यांत म्हणजे ३६,००० डॉलरमध्ये बाहेर पडला. दुसरा चढला ११ एप्रिलला. बिल ऑफ लेडिंगवरच्या, म्हणजे जहाजाच्या मालपावतीवरच्या, ऑनबोर्ड तारखेत फक्त ९ दिवसांचा फरक, आणि ड्युटी १,३६,००० डॉलर. मालाच्या किमतीपेक्षा ड्युटी जास्त! आणि टीव्हीवर रोज ऐकू येत होतं की हे पैसे चीन भरणार. आमच्या स्क्रीनवर इम्पोर्टर म्हणून नाव रिव्हरसाइडच्या दुकानाचं होतं, कारण ड्युटी भरतो तो माल आणणारा.

सकाळी दुकानाच्या बाई आल्या आणि फाइल चाळता चाळता सहज म्हणाल्या, लाकूड तर आपलंच आहे. टेबलं ब्लॅक वॉलनटची, आणि ते अक्रोड ओहायोचं. मी उठून बसले, कारण ड्युटीच्या त्या आदेशात एक कलम होतं: मालाच्या किमतीत निदान २० टक्के वाटा अमेरिकेत तयार झालेल्या भागाचा असेल, तर ते १२५ टक्के फक्त उरलेल्या भागावर लावायचे. फेंटानिलचे २० आणि जुने २५ पूर्ण किमतीवर लागणारच. पण लाकूड २०,००० डॉलरचं निघालं तर १,३६,००० चे १,११,००० होतात, आणि अशा दुकानाला २५,००० डॉलर म्हणजे काय हे मला माहितीय.

फक्त ते कागदावर सिद्ध करायला हवं. ओहायोच्या सॉमिलचं (लाकूड कापायच्या गिरणीचं) इनव्हॉइस, अमेरिकेतल्या नॉरफोक बंदरातून यान्तियनला गेल्याचं बिल ऑफ लेडिंग, तिथल्या लाकूड व्यापाऱ्याची पावती आणि कारखान्याची कॉस्ट शीट (कशावर किती खर्च झाला याचा तक्ता), सगळं एकमेकांशी जुळायला हवं. सॉमिलवाल्याला फोन लावला. त्याने इनव्हॉइस पाठवलं, पण अर्धा तास स्वतःचंच सांगत बसला. चीनने मार्चमध्ये अमेरिकन ओंडके घेणं बंद केलं, कीड सापडली म्हणून, आणि आता कापलेल्या फळ्यांवरही तिकडून १२५ टक्के. त्याचा यार्ड भरून पडलेला. म्हणजे त्याच झाडाच्या लाकडावर जाताना एक सरकार कर लावतंय आणि टेबल होऊन परत येताना दुसरं, आणि दोघांनाही वाटतंय आपण समोरच्याला धडा शिकवतोय!

दोंग्वानच्या कारखान्यात ऑर्डरी सांभाळणाऱ्या मर्चंडायझर मुलीशी वीचॅटवर बोलायला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत थांबावं लागलं, तेव्हा तिकडे सकाळचे आठ होतात. तिथे ३० तारीख उजाडली होती, दुसऱ्या दिवसापासून मे डेची सुट्टी, म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच दिवशी. ती बिचारी लगेच लागली कामाला. कॉस्ट शीट आली त्यात टेबलाच्या प्रत्येक भागाची वेगळी ओळ होती, फळी, पॉलिश, स्क्रू, पॅकिंग, मजुरी, आणि फळीच्या ओळीपुढे बंडल नंबर, तोच जो ओहायोच्या इनव्हॉइसवर होता. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने ओरडलेच. त्या मुलीने विचारलं, मे महिन्यात ऑर्डर येईल का, आमच्या लाइनवरची निम्मी माणसं घरी पाठवलीयत. मला उत्तर देता आलं नाही.

तरीही १,११,००० डॉलर त्या जोडप्याकडे नव्हतेच. पोर्टवर ठेवलं तर फुकट ठेवायची मुदत संपून डेमरेज म्हणजे दंडाचं भाडं सुरू, म्हणून रात्री ठरलं की माल बॉन्डेड वेअरहाऊसमध्ये टाकायचा, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवता येतो अशा कस्टम्सच्या देखरेखीखालच्या गोदामात. तिथे ड्युटी माल काढायच्या दिवशीच्या दराने लागते. भाडं चढतं, पण वेळ मिळतो.

आणि १२ मेला जिनिव्हाहून अमेरिका-चीन बोलण्यांची बातमी आली, दोन्हीकडून ११५ टक्क्यांनी माघार, म्हणजे १२५ चे १०, ९० दिवसांसाठी. मला खरं सांगायचं तर आश्चर्य वाटलं नाही. २०२४ मध्ये अमेरिकेने चीनकडून जवळजवळ ४४० अब्ज डॉलरचा माल घेतला होता, आणि ४ एप्रिलला चीनने सात रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ, धातूंच्या निर्यातीवर लायसन्स लावल्यावर इथल्या गाड्यांच्या कंपन्या मॅग्नेटसाठी धावाधाव करत होत्या. दोघांच्याही हातात दुसऱ्याची नाडी होती, किती दिवस दाबून धरणार?

१४ मेला नवा दर लागू झाल्यावर आम्ही कंटेनर काढला. लाकडाच्या कागदांमुळे ४४,००० ऐवजी ४२,००० भरावे लागले. पुढची ऑर्डर त्यांनी व्हिएतनामला द्यायचं ठरवलं, चीनची कटकट नको म्हणून. तिथल्या कारखान्याचं कोटेशन माझ्याकडे तपासायला आलं: स्क्रू, बिजागऱ्या आणि पॉलिश चीनच्या ग्वांगडोंगहून, अक्रोडाची फळी ओहायोहून.